बेल दोनदा वाजली की

१

दुपारी दवाखाना बंद झाला की खुर्च्या पुसायचं काम ताईचं. खरं तर ते झाडलोट करणाऱ्या बाईचं होतं, पण ती बाई ओलं फडकं असं फिरवायची की खुर्चीला गुदगुल्या व्हाव्यात. म्हणून ताईने ते आपल्याकडे घेतलं. शटर अर्धं खाली ओढायचं, पंखा बंद करायचा, बादलीत झाकणभर जंतुनाशक ओतायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खुर्च्या पुसत जायचं. मग काउंटरमागे बसून डबा खायचा.

तिला सगळे ताईच म्हणत. पेशंट म्हणत, डॉक्टर म्हणत, समोरचा मेडिकलवाला म्हणे. जिचा तो हक्कच होता ती तिची धाकटी बहीण तर जन्मापासून म्हणत आलेली. त्यामुळे आपण कुणाच्या ताई आहोत आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब तिने कधीच सोडून दिला होता.

त्या दुपारी खिडकीखालची खुर्ची पुसताना तिचा हात थांबला. खुर्ची गरम होती.

उन्हाने तापते तशी नव्हे. ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची, तिथे ऊन कधी फिरकलंच नव्हतं. कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठून गेल्यावर राहते तशी ती ऊब होती. पण सकाळचा शेवटचा पेशंट फोनवर बोलत दारातच उभा होता, आणि तो जाऊनही अर्धा तास झाला होता. ताईने फडकं पुन्हा गार पाण्यात बुडवून पिळलं, खुर्ची दुसऱ्यांदा पुसली आणि तळहात टेकवून पाहिला.

ऊब तशीच होती. प्लॅस्टिक ऊब धरून ठेवत असेल, असं ती स्वतःशी म्हणाली आणि डबा उघडला.

२

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. गोड बोलत, अडल्यानडल्याला फी सोडत, म्हाताऱ्या माणसांना दारापर्यंत पोचवायला येत. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. जिभेला तर होताच.

त्यांच्या टेबलाखाली एक बटण होतं आणि काउंटरच्या वर भिंतीवर बेल होती. बेल एकदा वाजली की पुढच्या पेशंटला आत सोडायचं. दोनदा वाजली की आता बाहेर येणाऱ्या पेशंटला तसं काही झालेलं नाही, मनाचं आहे. असं काही त्या दोघांनी बसून ठरवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकत्र काम करताना आपोआप पडलेली रीत होती ती. बेल दोनदा वाजली की ताईने खणातून गुलाबी गोळ्यांची एक पट्टी काढायची, जिने ना फायदा ना तोटा, पेलाभर पाणी द्यायचं आणि आपल्या पद्धतीने समजूत घालायची.

"डॉक्टरांनी नीट तपासलंय ना? मग झालं तर. आता निर्धास्त घरी जा. जरा स्वतःकडे लक्ष द्या, झोप काढा."

तिचं हे बोलणं फारच गुणकारी होतं. बायका डोळे पुसत यायच्या आणि हसत जायच्या. "ताई, अर्धं औषध तुमच्याकडेच आहे," असं डॉक्टर म्हणायचे आणि ताईला दिवसभर ते पुरायचं.

बेल दोनदा वाजायची ती जवळजवळ नेहमी बायकांसाठीच. कोपऱ्यावरचा दुकानदार हाणून जेवून छातीत जळजळ घेऊन आला, तर त्याचा लगेच ईसीजी. त्याचीच बायको धाप लागते म्हणून आली, तर गुलाबी पट्टी. हे ताईच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण डॉक्टर शिकलेले, आपण बारावी, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं होतं. रोज समोर असलेली गोष्ट माणसाला दिसेनाशी होते.

३

खिडकीखालची खुर्ची दुसऱ्या दिवशीही गरम होती, आणि तिसऱ्याही.

सगळ्या खुर्च्या एकाच लांब लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या होत्या. एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस हलायचा. एका दुपारी ताई डबा खात होती आणि पट्टी कुरकुरली. कुणीतरी बसताना कुरकुरते तशीच. तिने मान वर केली. रांग रिकामी होती. पाण्याच्या फिल्टरमधून एक थेंब ट्रेमध्ये पडला.

मग तिने वेडेपणा केला. वेडेपणाच तो, कारण शहाण्या माणसाने तिथून उठून मेडिकलवाल्याशी गप्पा मारल्या असत्या. ती गेली आणि त्या खुर्चीवर बसली.

बसताक्षणी तिचा जबडा दुखायला लागला. डाव्या बाजूने निघालेली कळ मानेतून खांद्यात उतरली. पाठ घामाने गार झाली आणि छातीवर कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटलं. ती धडपडत उठली. उठली तशी कळ गेली, घाम तेवढा राहिला. आणि तिच्या कानात एक हळू, सभ्य आवाज आला, आठवणीतला. "दात नाहीत हो दुखत, जबडा दुखतो."

वाचनालयात काम करणाऱ्या बाई होत्या त्या. नेहमी खिडकीखाली बसायच्या, कुणाला आपला धक्का लागू नये अशा बेताने अंग चोरून. आधी डॉक्टरांनी त्यांना दातांच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे काही निघालं नाही, त्या परत आल्या आणि बेल दोनदा वाजली. नंतरही एक-दोनदा वाजली. मग त्या यायच्या बंद झाल्या. ताईला वाटलं होतं, बरं वाटलं असेल.

संध्याकाळी तिने मेडिकलवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्या ना? गेल्या की," तो म्हणाला. "पुस्तकं लावता लावता कपाटाशीच कोसळल्या. बरेच दिवस झाले. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ताईला खरंच माहीत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने सगळं नीट मांडून पाहिलं. मनात कुठेतरी त्या बाईंची आठवण असणार, रिकाम्या पोटी घाम फुटला असणार, बाकीचं मनाने रचलं असणार. मनाचे खेळ. हे शब्द आपल्याला किती सहज येतात, याचंच तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्या खुर्चीवर जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवून दिला. दुपारी शटर ओढून वळली तेव्हा मासिकं जमिनीवर होती. पडलेली नव्हती. कडेला कड लावून, आकारमानाप्रमाणे नीट रचलेली होती.

४

ताईला सांगायला घरात एकच माणूस होतं, तिची धाकटी. आईवडील गेल्यावर दोघी एकाच घरात राहत. धाकटी गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून फिरायची आणि घरी आली की त्यांच्या नकला करायची. एका गृहस्थांनी वायपर लावून सिग्नल दिल्याची गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की ताईला ते गृहस्थ ओळखीचे वाटायचे.

पण त्या दिवसांत धाकटी जेवणावरून लवकर उठायला लागली होती.

"काय गं, झालं पण?"

"दोन घास खाल्ले की टच्च होतंय पोट. आणि खाली, इथे डाव्या बाजूला, काहीतरी कुरतडतंय सारखं. पट्टा सहन होत नाही गं सीटचा. दिवसभर अंगठा घालून धरून बसते, मग शिकाऊ लोकांना वाटतं बाईच घाबरल्यात."

"उद्या चल दवाखान्यात."

"तुझ्या? चालेल. वशिला आहे म्हणा आपला."

वशिला कसला! घरचं माणूस पुढे घुसवलं असं कुणी म्हणू नये म्हणून ताईने तिला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. धाकटी फिल्टरशेजारच्या खुर्चीवर बसून राहिली, पोटावर आडवा हात धरून. गर्दी ओसरल्यावर ताई येऊन तिच्या शेजारी टेकली आणि सवयीने पाय हलवायला लागली. ताईला ही वाईट खोड होती, बसली की गुडघा थडथड हलायचा. लहानपणी परीक्षेच्या दाराबाहेर हलायचा तसाच. आणि तेव्हाही मोठी असून घाबरायची ताई, आणि धाकटी असून धीर द्यायची ही. तिने नेहमीसारखा आपला तळहात ताईच्या गुडघ्यावर ठेवून तो दाबून धरला.

"पाय नको हलवू. सगळी रांग हलतेय."

गुडघा थांबला. धाकटीचा हात नेहमीच गरम असायचा. मग बेल एकदा वाजली आणि ती उठून आत गेली.

५

ताईने काउंटरवर जीव कानात गोळा करून वाट पाहिली. दाराआडून धाकटीचा आवाज, मग डॉक्टरांचा, मग डॉक्टरांचं हसू. आणि डोक्यावरची बेल वाजली. एकदा. आणि लगेच पुन्हा.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं पाणी. पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते या पाण्यानेच.

धाकटी बाहेर आली. "म्हणाले, बसून काम आहे, गॅस धरतो, वय पण तसं होत आलं. चालत जा, मन रमवा. मन रमवा म्हणे! दिवसभर लोक माझा जीव घ्यायला टपलेले असतात, आणखी काय रमवू?"

ताई हसली. आणि हसता हसता तिच्या हाताने खण उघडला, गुलाबी पट्टी काढली, पेला भरला, आणि तोंडाने ठरलेलं सुरू केलं. "डॉक्टरांनी नीट तपासलंय ना? मग झालं तर. आता निर्धास्त घरी..."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "ताई, मला सांगतेयस की पेशंटला?"

"दोघींना."

"बरं," धाकटी म्हणाली आणि पट्टी पर्समध्ये टाकली. "तू म्हणतेस तर नसेल काही."

नंतरही ती दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळेला बेल तशीच वाजली. शेवटच्या वेळी डॉक्टर ताईला कौतुकाने म्हणाले, "तुमची बहीण गमतीशीर आहे हो. तिला एखादा छंद लावा."

६

मग एका दुपारी फडकं फिल्टरशेजारच्या खुर्चीवर आलं आणि ताईचा हात भाजल्यासारखा मागे आला.

भाजण्याइतकी ती गरम नव्हती. हाताला ओळख पटली होती, एवढंच. तिने लगेच धाकटीला फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि उचलला गेला.

"अहो क्लच! क्लच दाबा! तुला नाही गं, ह्यांना. बोल, काय झालं?"

"काही नाही. जेवलीस का?"

"हे विचारायला फोन? जेवले. म्हणजे डबा उघडून बंद केला. ब्रेक! ठेवते गं."

ताईला इतकं हायसं वाटलं की ती भिंतीला टेकून उभी राहिली. बहीण धडधाकट आहे, ओरडतेय, लोकांवर खेकसतेय. खुर्ची गरम आहे म्हणून जिवंत माणसाची काळजी करणारी बाई म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत दोन बेलवालीच. आपल्याला खात्री करून घ्यायची, मग हा विषय कायमचा बंद, असं ठरवून ती फिल्टरशेजारी गेली आणि बसली.

आधी काहीच झालं नाही. मग पोट भरून आलं, लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखं, आणि तिचा डबा तर अजून काउंटरवर तसाच बंद होता. मग खाली, डाव्या बाजूला, काहीतरी कुरतडू लागलं. मोठी कळ नव्हती ती. बारीक, चिकाटीची, एक क्षणही उसंत न देणारी. इतकं जवळून दुखत होतं, आणि हे घेऊन ती पोरगी नकला करत होती. ताईचा हात आपोआप पोटाकडे गेला. अंगठा आत घालून ती काहीतरी सैल करायला बघत होती. तिथे पट्टा नव्हता.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, कुणीतरी हलकेच खाकरलं.

आणि काउंटरवरची बेल दोनदा वाजली.

डॉक्टर घरी जेवत होते. ताईने त्यांच्या खोलीचं दार ढकललं. खुर्ची टेबलात सारलेली, खुंटीवर पांढरा कोट, तपासायच्या पलंगावर ताणून घातलेली चादर. टेबलाखालचं बटण कुणी दाबलेलं दिसत नव्हतं. बटण दाबलेलं दिसतं का कधी? ती तशीच उभी राहिली. बाहेर रांगेची पट्टी हळूहळू कुरकुरत होती, आणि ती कुरकुर थांबेपर्यंत ताई बाहेर आली नाही.

संध्याकाळी वायरमन आला. सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही ताई. सगळं व्यवस्थित आहे."

७

डॉक्टरांना काय सांगणार? खुर्चीचं सांगता येत नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, "धाकटीच्या पोटाची एकदा सोनोग्राफी करून बघू या का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर भांडता तरी आलं असतं.

"ताई, किती वर्षं आहात तुम्ही त्या काउंटरवर? किती जणी आल्या, किती जणी हसत घरी गेल्या. तुम्हीच समजूत घातलीत ना त्यांची?"

"हो."

"मग?"

ताईने पर्स उचलली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली, थेट ड्रायव्हिंग स्कूल गाठलं आणि धाकटीला शिकाऊ गाडीतून उतरवून रिक्षात बसवलं. मोठ्या हॉस्पिटलातही पहिल्या खिडकीवर "टेन्शन घेतात का त्या?" असं विचारलंच. ताईने तिथेच बूड टेकवलं आणि सांगितलं की पोट तपासल्याशिवाय आम्ही हलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती काउंटरच्या या बाजूने भांडत होती.

शेवटी एका तरुण डॉक्टरणीने धाकटीच्या पोटावर हात ठेवला. मग दुसरा हात ठेवला. मग तिने लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. फोटो निघाले, मोठे डॉक्टर आले, फोटो उजेडासमोर धरून उभे राहिले.

"इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

"दाखवत होते," धाकटी म्हणाली.

८

दुखणं अंडाशयात सुरू झालं होतं आणि आता पोटभर पसरलं होतं. आधी कळतं तर, असं म्हणून मोठे डॉक्टर थांबत, आणि ते वाक्य कुणीच पुरं करत नसे.

धाकटीच्या नकला शेवटपर्यंत चालू होत्या. नर्सची केली, मोठ्या डॉक्टरांची केली. एका सकाळी, उशीवर मान टाकून, ती म्हणाली, "तुझी ती गुलाबी गोळी मात्र छान होती हं. गोड लागायची."

ताईला हुंदका आवरला नाही.

"रडतेस काय वेडे? खरंच सांगते. तू म्हणालीस ना, काही नाही म्हणून, मला इतकं बरं वाटलं होतं. पुढचे काही दिवस दुखलंच नाही. डॉक्टरांचं नव्हतं पटलं मला. तुझं पटलं."

तिला हे प्रेमाने म्हणायचं होतं. तिने प्रेमानेच म्हटलं. आणि ताईला वाटलं की यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर आपण जगू शकलो असतो. तिचा गुडघा पलंगाच्या कडेला लागून थडथडत होता. पांघरुणातून एक हात बाहेर आला, आता काटकीसारखा झालेला, पण अजून गरम. तो गुडघ्यावर येऊन टेकला.

"पाय नको हलवू. पलंग हलतोय."

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

९

ताई पुन्हा कामावर गेली. लोकांना नवल वाटलं. डॉक्टर घरी येऊन भेटून गेले होते, त्यांचे डोळे खरंच ओले होते. "अशी दुखणी लक्षातच येत नाहीत हो, ताई," ते म्हणाले होते. ताई परत कामावर का गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फिल्टरशेजारची खुर्ची अजून गरम आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

गरम होती.

मग रोज दुपारी शटर ओढून ताई तिथे जाऊन बसू लागली. पोट टच्च व्हायचं, डावीकडे कुरतडायचं. दुखणं तर दुखणं, पण धाकटीचं होतं. घरात तिचे कपडे गार पडले होते, उशी गार पडली होती. जगात तिची ऊब शिल्लक असलेली ही एकच जागा. ताई डोळे मिटून बसायची आणि दुपार संपू नये असं तिला वाटायचं.

काम मात्र तिने बदललं. बेल दोनदा वाजली की आता खण उघडत नसे. बाहेर आलेल्या बाईचा हात धरून ती हळू आवाजात सांगायची, "दुसरीकडे दाखवा. तिथे नाही म्हणाले तर तिसरीकडे. हटून बसा." काही जणी जायच्या. काही तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायच्या.

"पण ताई, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून?" एकजण म्हणाली. "मला तेच बरं वाटलं होतं."

रांगेतल्या आणखी खुर्च्या गरम लागायला लागल्या होत्या. ताई त्यांच्यावर बसत नसे. कुणाची कुठली, ते तिला बसल्याशिवायही आठवत होतं.

१०

आणि एका दुपारी ती फिल्टरशेजारून उठली, तेव्हा दुखणं तिच्याबरोबर उठलं.

एरवी ते खुर्चीतच राहायचं. त्या दिवशी ते काउंटरपर्यंत आलं, बसमध्ये शेजारी उभं राहिलं, घरी आलं. सकाळीही होतं. जेवताना दोन घासांवर पोट भरलं. बहिणीची सारखी आठवण काढतेस म्हणून होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. मग आपण कुणाचं वाक्य बोलतोय ते लक्षात येऊन ती ताटावरून उठली.

मोठ्या हॉस्पिटलात जायचं हे तिने ठरवलंच होतं. पण त्याआधी तिला एक गोष्ट बघायची होती. सकाळचे पेशंट संपल्यावर तीच आत गेली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली. धाकटीने सांगितलेलं सगळं तिने त्याच शब्दांत सांगितलं. दोन घासांत टच्च होतं. डावीकडे कुरतडतं. पट्टा सहन होत नाही. या माणसाला हे शब्द आठवतात का, एवढंच तिला बघायचं होतं. आठवले तर निदान धाकटी कुणालातरी ऐकू गेली होती, असं म्हणता आलं असतं.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फार मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ताई, हे दुःख आहे. शरीरात उतरलंय. तुमच्या मनाने बहिणीचं दुखणं उचललंय. थोडे दिवस जाऊ द्या, काही नाही होत."

त्यांचा दुसरा हात टेबलाखाली गेला. मुद्दाम नव्हे, सवयीने. आतून बेल कशी ऐकू येते ते ताईला आज पहिल्यांदाच कळलं. पलीकडच्या घरात वाजावी तशी, आपल्याशी संबंध नसल्यासारखी. एकदा. आणि लगेच पुन्हा.

ती बाहेर आली. काउंटरवर कुणी नव्हतं. पाणी द्यायला, पट्टी द्यायला, निर्धास्त घरी जा म्हणायला तिथे जी असते, ती तर इथे उभी होती. डॉक्टर कोट खुंटीला लावून, "आराम करा हं," म्हणून जेवायला गेले. तिने शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला. आज खुर्च्या पुसल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन, इथूनच हॉस्पिटलात जायचं, जरा टेकू आणि निघू, असं म्हणत ती रांगेकडे वळली.

फिल्टरशेजारची खुर्ची तिने आज सोडली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, जिथे धाकटीला पहिल्यांदा दाखवायला आणलं त्या दिवशी टेकली होती. ही खुर्ची गार होती. पट्टी कुरकुरली, आणि मग पुढे कुरकुरत गेली, थेट खिडकीपर्यंत, गच्च भरलेल्या रांगेत नव्या माणसासाठी एकेक जण सरकून घेतं तशी. तिने त्या बाजूला मान वळवली नाही. डोळ्यांच्या कडेला पोटावर आडवा धरलेला एक हात दिसला, किंवा दिसला असं वाटलं.

तिचा गुडघा थडथडायला लागला होता. तिने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. ती वाट बघत होती.

गुडघ्यावर काहीतरी येऊन टेकलं. गरम. त्याने गुडघा हलकेच दाबून धरला आणि गुडघा थांबला.

"आले गं," ताई म्हणाली. "मला पण काही नाही म्हणाले."

आतली खोली रिकामी होती, तरी काउंटरवरची बेल दोनदा वाजली. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.